समीक्षक वाहवा करतात, मला मात्र दरदरून घाम फुटतो

पत्र : आमचा आठ-दहा जणांचा सिनेमा-मालिका बघून चर्चा करणारा गट आहे. पुढच्या महिन्यात ‘हॅनिबल’ या अमेरिकी मालिकेवर बोलायचं ठरलंय. दोन भाग बघितले. दुसऱ्या भागात जमिनीत पुरलेल्या माणसांच्या अंगावर मशरूम उगवलेले दाखवलेत. ते बघताना घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि मी उठून स्वयंपाकघरात जाऊन बसले. पुण्याला शिकणारी मुलगी म्हणते, ‘‘आई, समीक्षकांनी शंभर टक्के दिलेत, नेटाने बघ.’’ यजमान म्हणतात, ही निव्वळ विकृती आहे, बंद कर. घरात चौदा वर्षांचा मुलगाही आहे. मी पुढे बघावं का? बघायचं तर कसं? आणि इतकी चांगली परीक्षणं आलेल्या गोष्टीने मला असं का व्हावं? – स. दे., मिरज

स. ताई,

आधी त्या अंधारीबद्दल बोलू, कारण मालिका बघायची की नाही हा प्रश्न त्यानंतरचा. रक्त, जखम किंवा उघडं पडलेलं शरीर बघून काहींचा रक्तदाब क्षणभर वर जातो आणि मग झपकन खाली येतो. घाम, मळमळ, कानात गुंई आणि अंधारी ही त्याचीच लक्षणं. याचा धीटपणाशी काही संबंध नाही. इंजेक्शन घेताना किंवा रक्त तपासायला देताना चक्कर येणाऱ्यांना पडद्यावरच्या रक्तानेही तसंच होऊ शकतं. अशा वेळी लोक डोळे मिटून अंग सैल सोडतात, दीर्घ श्वास घेतात. इथे नेमकं उलट करायचं, कारण अंग सैल सोडलं की दाब आणखी उतरतो. बसल्या जागी हात, पाय आणि पोटाचे स्नायू एकदम आवळून धरा. दहा-पंधरा सेकंदांत चेहऱ्यावर ऊब जाणवते. मग सोडा, पण पूर्ण ढिल्या पडू नका. वीस-तीस सेकंद थांबून पुन्हा आवळा. असं पाच वेळा. अंधारी येऊ लागलीय असं वाटताच सुरू केलं तरच उपयोग. पुरती आल्यावर सरळ आडवं व्हा आणि पाय उंच ठेवा. रक्तदाबाचं किंवा हृदयाचं काही दुखणं असेल तर हा प्रकार करण्याआधी डॉक्टरांना विचारा. याआधी कधी खरोखर शुद्ध हरपली असेल तरीही डॉक्टरांना दाखवा, मालिका बघा वा न बघा.

आता परीक्षणांकडे. तुमच्या मुलीने सांगितलेले शंभर टक्के बहुधा ‘रॉटन टोमॅटोज’ या परीक्षणं एकत्र करणाऱ्या संकेतस्थळावरचे असावेत. तो आकडा गुण सांगत नाही. किती समीक्षकांचं मत एकंदरीत अनुकूल होतं, तेवढंच तो सांगतो. वीस जणांनी ‘बरी आहे, बघायला हरकत नाही’ असं लिहिलं तरी आकडा शंभरच दिसणार. शिवाय मालिकांच्या बाबतीत समीक्षकांना सहसा सीझनचे सुरुवातीचे काही भाग आधी दाखवतात आणि परीक्षण त्यावर बेतलेलं असतं. म्हणजे सहाव्या-सातव्या भागात काय होणार आहे, हे लिहिणाऱ्यालाच माहीत नसण्याची शक्यता असते. ‘आयएमडीबी’ या सिनेमा-मालिकांची माहिती देणाऱ्या संकेतस्थळावरच्या प्रेक्षकांच्या गुणांचं वेगळंच गणित. तिथे प्रत्येक भागाला स्वतंत्र मतं पडतात. ज्यांना सोसलं नाही ते दुसऱ्या-तिसऱ्या भागालाच उठून गेलेले असतात, त्यामुळे पुढच्या भागांना मत देतो तो उरलेला भक्तगण. शेवटाकडे गुण चढत गेलेले दिसले तर ‘मालिका चांगली होत गेली’ असं लगेच समजू नका. ‘न आवडणारे गळत गेले’ हेही त्याचं कारण असू शकतं.

‘हॅनिबल’च्या बाबतीत ही गळती आकड्यांत दिसते. एनबीसी वाहिनीवर ४ एप्रिल २०१३ रोजी पहिला भाग लागला तेव्हा अमेरिकेत सुमारे ४३ लाख प्रेक्षक होते. तिसऱ्या सीझनपर्यंत त्यातले निम्म्याहून अधिक गेले. जून २०१५ मध्ये वाहिनीने मालिका बंद करण्याचं जाहीर केलं आणि २९ ऑगस्ट २०१५ ला ३९ वा भाग दाखवून ती संपली. याच काळात परीक्षणं मात्र पहिल्या सीझननंतर आणखी गोड झाली आणि उरलेला चाहतावर्ग, म्हणजे स्वतःला ‘फॅनिबल’ म्हणवून घेणारी, डोक्यावर फुलांचे मुकुट घालून जमणारी मंडळी, मालिका वाचवण्यासाठी मोहीम चालवत होती. समीक्षक खोटं लिहीत नव्हते आणि टीव्ही बंद करणारेही अरसिक नव्हते. समीक्षकापुढे प्रश्न होता, हे काम किती कौशल्याने केलंय. तुमच्यापुढे प्रश्न आहे, हे मला झेपतं का. एकाचं उत्तर दुसऱ्याच्या रकान्यात भरलं की घरात तुमच्याकडे चाललाय तसा वाद सुरू होतो.

परीक्षण वाचताना काय शोधायचं तेही सांगतो. तारे, टक्के, ‘अंगावर काटा आणणारी’ वगैरे विशेषणं सोडून द्या. क्रियापदं बघा. हिंसा घडताना दाखवलीय की घडून गेल्यावरचं दृश्य दाखवलंय? कॅमेरा तिथे रेंगाळतो की सरकतो? बळी पडणाऱ्याला नाव-गाव आहे का? चांगला समीक्षक हे लिहितोच, फक्त चौथ्या-पाचव्या परिच्छेदात. आपल्याकडचा रसविचारही इथे कामाला येतो. भयानकाचा स्थायीभाव भय, बीभत्साचा जुगुप्सा, म्हणजे किळस. भुताच्या गोष्टीने मजेत घाबरणाऱ्या माणसाला जुगुप्सा अजिबात चालत नाही, असं सर्रास दिसतं. परीक्षणांत या दोन्हींना सरसकट ‘हॉरर’ म्हणतात. ‘हॅनिबल’ बहुतांश बीभत्साची मालिका आहे. तुम्हाला भय चालत असेलही, पण जुगुप्सा चालत नाही, असं पत्रावरून दिसतं. म्हणजे ‘हॉरर आवडतं ना, मग हेही आवडेल’ हा तर्क तुमच्यापुरता बाद.

तुम्ही पाहिलेला मशरूमचा प्रसंग याचा नमुनाच आहे. तिथे एकही वार होत नाही. खुनी मधुमेही माणसांना बेशुद्ध करून, नळ्यांनी जिवंत ठेवून जमिनीत पुरतो, आणि आपल्याला दिसतात त्या नंतर जंगलात सापडलेल्या ओळी. मग जी मेलेली समजली होती त्यातली एक व्यक्ती एकदम हात पकडते. जुगुप्सेवर दचकवणं चढवलं की अंगाला सावरायला वेळच मिळत नाही. तुम्ही उठून गेलात ते ठीकच केलंत.

निर्माता-लेखक ब्रायन फुलर यांनी जवळजवळ सगळी मालिका याच पद्धतीने रचलीय. खून क्वचित दिसतो, मांडणी दिसते. पाचव्या भागात पाठीची कातडी सोलून, मासेमारीच्या दोऱ्याने ताणून तिचे पंख केलेले, गुडघे टेकून बसवलेले देह आहेत. आठव्यात एका वादकाच्या गळ्यातून चेलोची मान आरपार घालून त्या शरीराचंच वाद्य केलंय. हे सारं केबलवर नव्हे, तर घराघरांत फुकट दिसणाऱ्या वाहिनीवर कसं चाललं, याचा एक किस्सा फुलर यांनीच सांगितलेला आहे. पंखवाल्या देहांबद्दल वाहिनीने हरकत घेतली ती सोललेल्या पाठीला नव्हे, तर उघड्या नितंबांमधली फट दिसते याला. ‘ती रक्ताने भरून टाकली तर?’ असं विचारल्यावर परवानगी मिळाली! सेन्सॉर मंडळं, वयाचे दाखले वगैरेंवर आंधळा विश्वास टाकू नये, तो यासाठी. नग्नता मोजायला सोपी असते, जुगुप्सा मोजायला अवघड.

सगळ्यांनी मात्र मान डोलावली नव्हती. युटामधल्या सॉल्ट लेक सिटीच्या केएसएल या स्थानिक केंद्राने, ज्याची मालकी मॉर्मन चर्चकडे आहे, एप्रिल २०१३ अखेर मालिका दाखवणं थांबवलं. मग तिथल्या दुसऱ्या केंद्राने ती घेतली. चौथा भाग तर खुद्द फुलर यांच्याच सांगण्यावरून अमेरिकेत प्रक्षेपणातून वगळला गेला. त्यात एक बाई पळवलेल्या मुलांना त्यांच्याच कुटुंबांना मारायला लावते. कनेक्टिकटमधल्या शाळेतल्या गोळीबाराला जेमतेम चार महिने झाले होते. त्या भागातले निवडक प्रसंग तेवढे इंटरनेटवर आले. आज संपूर्ण संचात तो भाग असतो आणि तुम्ही क्रमाने बघत असाल तर तिसऱ्यानंतर तोच येणार. रक्त त्यात तुलनेने कमी आहे, पण चौदा वर्षांचा मुलगा घरात असलेल्या आईला तो मशरूमपेक्षा जड जाईल. तो सरळ गाळा. मुख्य कथानकाचा दोरा तुटत नाही.

बघायचंच ठरलं तर या खुणा ध्यानात ठेवा. बऱ्याच भागांत सर्वांत किळसवाणं दृश्य शीर्षकाच्या आधी किंवा लगेच नंतर येतं. दुसरी खूण अशी : नायक, म्हणजे एफबीआयला खुनांच्या तपासात मदत करणारा विल ग्रॅहम (ह्यू डॅन्सी), घटनास्थळी डोळे मिटतो, आणि पडद्यावरून सोनेरी प्रकाशाचा पट्टा लंबकासारखा सरकू लागतो. एक-दोन हेलकाव्यांत रक्ताचे डाग पुसले जातात, काळ मागे जातो आणि विल स्वतः खुनी असल्यासारखा सगळं करून बघतो. तो पट्टा दिसला की नजर खाली, पुढची दोन-तीन मिनिटं सबटायटलवर काढायची. मृतदेह बघितला नाही तरी विल जे बोलतो त्यातून गोष्ट कळते.

आवाज कमी करा, हे त्याहून महत्त्वाचं. ब्रायन राइट्झेल यांचं पार्श्वसंगीत जवळजवळ अखंड चालू असतं. ठोके, घासल्याचे आवाज, घुमणारी धातूची कंपनं; संगीत कुठे संपलं आणि दृश्यातला आवाज कुठे सुरू झाला ते कळू नये अशीच त्याची बांधणी आहे. डोळे मिटल्यावरही जीव घाबरा होतो तो या आवाजामुळे. हेडफोन अजिबात नको. दिवसा, दिवा लावून, मोठ्या टीव्हीऐवजी लॅपटॉपवर, आवाज संवाद जेमतेम ऐकू येतील इतका. एका बैठकीत एकच भाग. साधारण पाऊण तासाचा असतो. आपोआप पुढचा भाग सुरू होण्याची सोय बंद करून ठेवा, नाहीतर उठायच्या आत पुढच्या भागाचं सुरुवातीचं दृश्य तुमच्यापुढे येईल.

आणि जेवताना बघू नका. हा सल्ला साधा वाटेल, पण या मालिकेत तो वेगळ्या कारणाने लागू आहे. हॅनिबल लेक्टर (मॅड्स मिकेलसन) मानसोपचारतज्ज्ञ आहे, उत्तम बल्लव आहे आणि नरभक्षक आहे. त्याच्या ताटातलं अन्न इतकं देखणं असतं की तोंडाला पाणी सुटतं, आणि पुढच्याच क्षणी ते काय असावं हे आठवतं. पडद्यावरचे ते पदार्थ टोरांटोच्या जॅनिस पून रचत, स्पॅनिश शेफ होसे आंद्रेस सल्ला देत. मांस अर्थात जनावरांचं. पहिल्या सीझनच्या भागांची नावं फ्रेंच जेवणातल्या क्रमावरून, दुसऱ्याची जपानी आणि तिसऱ्याच्या पहिल्या अर्ध्याची इटालियन जेवणावरून ठेवलीत. या लबाडीत मालिकेचं खरं कसब आहे, आणि तुमच्या मुलीला ती आवडते त्याचंही हे एक कारण असणार. आधी भूक लागते, मग आपलीच लाज वाटते. नुसतं रक्त दाखवणाऱ्या मालिकांना हे साधत नाही.

गटासाठी ३९ च्या ३९ भाग बघायची गरज नाही. पहिल्या सीझनचे १, ३, ७ आणि १३ बघा. तिसऱ्यात पहिल्या भागातल्या मुलीची, ॲबिगेलची, गोष्ट पुढे जाते. सुरा आणि रक्त आहे, शिवाय शिंगांवर खुपसलेला एक देहही, त्यावरून पुढे जा. सातव्यात अवयव काढलेले देह आहेत, त्यांवरून पुढे जा. मात्र हॅनिबल पाककृतींच्या पेटीतून एक आणि व्हिजिटिंग कार्डांच्या चकतीतून एक अशी कार्डं निवडतो तो तुकडा चुकवू नका. त्यात थेंबभर रक्त नाही आणि मालिकेतला तो सर्वांत भीषण विनोद आहे. तेराव्याच्या सुरुवातीला विलच्या स्वयंपाकघरातल्या सिंकचं दृश्य येतं, ते अर्ध्या मिनिटात आटोपतं. दहावा कितीही नावाजलेला असला तरी तुमच्यासाठी नाही. त्याची सुरुवात एकट्या राहणाऱ्या बाईच्या घरात, पलंगाखाली होते.

दुसऱ्या सीझनमधला पहिला भाग बघता येईल. त्याचा दुसरा भाग कोणाच्याही आग्रहाने बघू नका. एकमेकांना चिकटवलेल्या आणि शिवलेल्या देहांच्या ढिगात एक जण जिवंत असतो आणि स्वतःला सोडवून घेतो, तेही सुरुवातीलाच. हाडाच्या चाहत्यांतही इथे थांबलेले बरेच सापडतील. बाराव्यात एका माणसाचा चेहरा आहे. त्याहून जास्त लिहीत नाही. तिसऱ्या सीझनचा इटलीतला पूर्वार्ध समीक्षकांनी डोक्यावर घेतला, पण आमच्या मते तो स्वतःच्याच चित्रांच्या प्रेमात पडून रेंगाळलेला आहे. ठिबकणारं पाणी, सांडणारी वाइन, सावकाश चालणारी गोगलगाय. त्यावर वेळ घालवला नाही तरी चालेल. आठव्या भागापासून, मालिका ज्यांच्या पात्रांवर बेतलीय त्या टॉमस हॅरिस यांच्या १९८१ च्या ‘रेड ड्रॅगन’ कादंबरीची गोष्ट सुरू होते आणि कथानकाला पुन्हा वेग येतो.

‘विकृती’ या शब्दावर यजमानांशी वाद घालण्याऐवजी त्यांना एक माहिती द्या. मालिकेत बलात्काराची कथानकं वापरायची नाहीत असा निर्णय फुलर यांनी घेतला होता आणि तो जाहीरही केला होता. मूळ कादंबरीत वाव असूनही. गुन्हेगारी मालिकांत बाईवरचा अत्याचार हा सर्वांत स्वस्त माल झालेला असताना ही गोष्ट लहान नाही. पण यजमानांच्या बोलण्यातही तथ्य आहे. मृतदेह इतके सुंदर सजवले की मेलेला माणूस सजावटीचं सामान होऊन बसतो. मशरूमच्या ओळींतल्यांची घरची माणसं कोण, मालिका विचारत नाही. दुसऱ्या सीझनमध्ये एफबीआयच्या प्रयोगशाळेतल्या बेव्हर्ली कॅट्झ या आवडत्या पात्राचंही असंच काचेमागचं प्रदर्शन झालं तेव्हा खुद्द चाहतेच चिडले. आमचं मत विचाराल तर मालिका कौतुकाला पात्र आहे आणि हा दोष तिच्या मुळातच आहे. कौतुक ज्या देखणेपणाचं होतं, दोषही त्याचाच. गटात हे बोला. ‘मला मळमळलं’ म्हणून तुम्ही गप्प बसलात तर चर्चा फक्त मिकेलसनच्या सुटांवर होईल.

मुलाबद्दल. भारतात २०२१ च्या नियमांनुसार ओटीटीवर यू, यूए ७+, यूए १३+, यूए १६+ आणि ए अशा वर्गवाऱ्या आहेत. यूए १३+ आणि त्यापुढच्या सगळ्याला पालकांचं कुलूप लावण्याची सोय देणं बंधनकारक आहे. ती सोय आपोआप चालू नसते, तुम्हाला चालू करावी लागते. मुलाची वेगळी प्रोफाइल करा, तिला वयोमर्यादा लावा, आणि तुमच्या स्वतःच्या प्रोफाइलला पिन ठेवा. हे दुसरं काम बहुतेक घरांत राहून जातं. मग मुलगा शांतपणे आईच्या प्रोफाइलमधून बघतो. यादीवरून फिरताना झलक आपोआप सुरू होते तीही सेटिंगमधून बंद करा. वर्गवारीवर न थांबता ‘आयएमडीबी’च्या पालकांसाठीच्या पानावर हिंसा आणि भीतिदायक दृश्यं यांच्या नोंदी वाचा. प्रेक्षकांनीच लिहिलेल्या असतात, त्यामुळे कथानक फुटतं, पण तुमच्या कामासाठी तेच हवंय.

तरीही तो चेलोचा किंवा पंखांचा तुकडा फोनवर कधीतरी बघेलच. घरात मालिकेवरून एवढी चर्चा चाललीय म्हटल्यावर उत्सुकता वाढलेलीच असणार. बघितलंस का, असं दरडावून विचारण्यापेक्षा ते रंगवलेलं रबर, सिलिकॉन आणि नकली रक्त कसं केलं जातं याचा एखादा व्हिडिओ त्याच्यासोबत बघा. त्यात काय पाहायला मिळेल, याची खातरी आधी एकटीने करून घ्या.

हे सगळं करूनही सातव्या भागाला पुन्हा घाम फुटला तर थांबा. गटाला आधी कळवा की तुम्ही चार भागांवर बोलाल, आणि बैठकीच्या फराळाचं काय ते चर्चा संपल्यावर ठेवा.